बोलणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर

"हो," शमशाद म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

प्राचार्य महेश्वर सर मघापासून सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले होते. मॅडमनी आयुष्यभर इमानेइतबारे नोकरी केली, आता तब्येतीला जपायला हवं, असं आडवळणानं बोलत बोलत ते शेवटी मुद्द्यावर आले होते. वैद्यकीय कारणावरून मुदतीआधी निवृत्ती घ्यायची. अर्ज कॉलेजनंच टाइप करून आणला होता, खाली सही तेवढी हवी होती. मॅडमची तयारी आहे ना, असं त्यांनी विचारलं, आणि त्यावर तिचा तो "हो" आला.

शमशादला म्हणायचं होतं, नाही. मनात तो शब्द लख्ख होता, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला निघालेल्या माणसासारखा तयार. पण जिभेवर येईतो त्याचा ‘हो’ झाला. चूक तिला लगेच ऐकू आली. तिनं घाईघाईनं दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर पुन्हा "हो" आणि वर "हो, हो". जितक्या जोरानं ती नाकारू लागली तितकी ती राजी दिसू लागली. महेश्वर सरांनी हात जोडले. तिचा नवरा रफीक खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. सर गेल्यावर त्यानं अर्ज टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला आणि रविवारी अतीक आला की बघू, म्हणाला. अतीक त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला.

शमशाद खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर विजापूर वेशीकडं जाणाऱ्या रिक्षांचा कलकलाट चालला होता. तिला तो सगळा कळत होता. कोण भाडं नाकारतंय, कोण हुज्जत घालतंय, सगळं. फक्त तिच्याकडून परत काही जात नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात तिला अर्धांगाचा झटका आला होता. सकाळी पोळी लाटता लाटता लाटणं हातातून सुटलं, आणि रफीकला हाक मारायला गेली तर घशातून भलतंच काही आलं. दवाखान्यातून ती घरी आली ती पाय ओढत, पण चालत आली. उजवा हात खांद्याला अडकवलेल्या पिशवीसारखा लोंबत होता. त्याचंही तिनं फार मनावर घेतलं नसतं. पण अक्षरं गेली होती. वर्तमानपत्र उघडलं की कागदावर मुंग्या सांडल्यासारखं दिसे. स्वतःचं नाव लिहायला घेतलं तर पहिल्या रेघेनंतर हात थांबे. मराठी गेली, घरातली दखनी गेली, कुराणातली पाठ असलेली वाक्यं तेवढी कधीतरी आपोआप ओठांवर येत. आणि चिन्हं गेली. ती तर मुळापासून गेली.

चिन्हं ही शमशादची शान होती. मंगळवेढ्याहून रोज एसटीनं सोलापूरला शिकायला येणारी ती शिंप्याची पोर. कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं ते केवळ त्याचा तास गाडीच्या वेळेला जुळत होता म्हणून. पण त्या तासाला तिला असं काही सापडलं की पुढं जन्मभर तिनं दुसरं काही केलं नाही. माणसं बोलतात त्यातला चढउतार, राग, लाडीगोडी सगळी गाळून टाकायची, आणि उरलेल्याला चिन्हं द्यायची. मग कळतं, कुणाचं बोलणं कुणातून निघतं आणि कुणाचं नुसतंच चिकटवलेलं असतं. कुठलं विधान कधी खरं, कधी खोटं याचं फळाभर सत्यता-कोष्टक मांडून शेवटच्या रकान्याखाली रेघ ओढली की तिला शिवण पुरी झालेल्या कपड्यासारखं वाटे.

अकरावीला येणारी पोरं मात्र चिन्हं बघून बिचकत. मंद्रूपची, हत्तूरची, मागावर काम करणाऱ्यांच्या घरातली. त्यांच्यासाठी ती आधी वर्तुळं काढी. एक वर्तुळ म्हणजे एका जातीच्या सगळ्या गोष्टी. दोन वर्तुळं एकमेकांत घुसवायची. जिथं कुणीच नाही म्हणून सांगितलंय तो भाग खडूनं भरून टाकायचा. जिथं निदान एक तरी आहे तिथं फुली मारायची. आणि जिथलं काहीच सांगितलेलं नाही, तो भाग कोरा सोडायचा. "माहीत नसलेलं भरायचं नाही," ती बजावी. विभागातले एक जुने सर हसायचे, पोळपाट मांडला का आज, म्हणायचे. वर्तुळं म्हणजे कुबडी, चालता आलं की टाकून द्यायची, असं त्यांचं मत होतं. शमशादचंही होतं. महिनाभर वर्तुळं झाली की ती सगळी पुसून टाकी आणि चिन्हांवर येई.

आता घरात बसून ती जुन्या पुस्तकातलं ते कोष्टकांचं पान उघडी. ओळखीची गल्ली असावी आणि घरांना दारंच नसावीत, तसं ते पान दिसे.

महेश्वर सर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण विचारपूस करायला आली. रफीकनं सरबत केलं. शेजारीण तिच्या देखत, ती जणू तिथं नाहीच अशा थाटात, बिचारीला काही कळत नाही बघा, किती हुशार बाई होती, वगैरे बोलून निघून गेली. दोन गार ग्लास उचलले गेले. मेजावर त्यांच्या बुडाच्या ओल्या खुणा राहिल्या, एकात एक घुसलेल्या.

शमशाद बघत राहिली. तिचं डावं बोट आपोआप उठलं आणि दोन कड्यांच्या मधल्या भागात टेकलं. हे दोन्हीतलं. मग डावीकडच्या चंद्रकोरीत. हे त्यातलं आहे, पण यातलं नाही. तिला शब्द लागले नाहीत. कोणतीच अक्षरं डोळ्यांपुढं आली नाहीत. आणि तरी विचार पुरा झाला, कुठं न अडता, धारेला लागलेल्या सुरीसारखा.

तिनं वाटी ओली करून मेजावर टेकवली. मग बशी, तिच्याभोवती. छोटं सगळंच्या सगळं मोठ्यात. जे जे हे, ते ते ते. तिनं आणखी पाणी घेतलं. मेज ओलं झालं, पाणी कडेवरून फरशीवर ठिबकू लागलं. रफीक फडकं घेऊन धावला. तिचा हात थरथरून सांडतंय असं त्याला वाटलं. तो पुसणार तोच तिनं त्याचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली.

रफीक जागच्या जागी थांबला. किती दिवसांनी तिच्या तोंडून जागचा शब्द जागी पडला होता. मराठीतही तोच आणि त्यांच्या दखनीतही तोच, कदाचित म्हणून वाचला असावा. रफीक फडकं खांद्यावर टाकून समोर बसला आणि त्या ओल्या कड्यांकडं बघू लागला. त्याचं होटगी रस्त्याला ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं, तर्कशास्त्राशी त्याचा संबंध इतकाच की ते त्याच्या बायकोचं होतं. पण त्यानं ते पुसलं नाही.

उत्कर्षा नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा बोलण्याचे व्यायाम घ्यायला घरी येई. मूळची करकंबची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, जिवाला लावून काम करणारी. ती चित्रं दाखवी, आंबा कुठला, खुर्ची कुठली, विचारी. शमशादचं बोट कधी बरोबर जाई, कधी चुके. ‘आकलन बाधित’ असे दोन शब्द दवाखान्याच्या कागदावर आले होते ते अशाच चुकांवरून. ओल्या कड्यांनंतर ती पहिल्यांदा आली, त्या दिवशी शमशादनं तिची चित्रं बाजूला सारली, तिच्या हातातली वही ओढली आणि डाव्या हातानं वेडीवाकडी दोन वर्तुळं काढली.

उत्कर्षाला आधी उमगलं नाही. मग तिच्या भावाच्या पोलीस भरतीच्या पुस्तकात असलंच काहीतरी पाहिल्याचं तिला आठवलं. तिनं मोबाइलवर तसला एक प्रश्न शोधला आणि सावकाश, एकेक वाक्य तोडून वाचला. सगळे माठ मातीचे. मातीचं काहीही लोखंडाचं नाही. तर मग माठ लोखंडाचा असेल का? शमशादनं तीन वर्तुळं काढली, दोन भाग भरून टाकले, आणि उत्तराच्या जागेवर बोट ठेवलं. उत्कर्षानं दुसरा वाचला, अवघड बघून. मग तिसरा. तिसऱ्याला शमशाद अडली, दोनदा पुन्हा वाचायला लावलं, कारण लांबलचक वाक्य कानात शिरता शिरता मध्येच तुटत होतं. पण उत्तर बरोबर आलं.

उत्कर्षानं रफीकला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं ते असं, की त्यांचं ‘हो’ आणि ‘नाही’ आत बरोबर असतं, येताना उलटं होतं. पुष्कळांचं होतं. त्यांना होय-नाही विचारूच नका, समोर वस्तू ठेवा आणि हात काय करतो ते बघा.

रफीकचा चेहरा उतरला. त्यानं टीव्हीखालच्या कप्प्यातून तो अर्ज काढला आणि न बोलता शमशादच्या पुढ्यात ठेवला. शमशादनं तो एका बोटानं मेजाच्या कडेपर्यंत सरकवत नेला आणि खाली पाडला.

रविवारी अतीक आला. चांगला मुलगा. आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्याच्या बाकावर बसलेला. त्यानं पुण्याच्या घरात तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती. वडिलांनी सांगितलेलं वर्तुळांचं त्यानं ऐकून घेतलं आणि तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

"अम्मी, बहोत किया तूने. अब सही कर दे और मेरे साथ चल."

शमशादनं मान फिरवली. अतीकनं पेन तिच्या डाव्या हातात दिलं, तिनं ते सोडून दिलं. असं दोनदा झालं. रफीक मध्ये पडायला गेला, तर इतके दिवस दाबून ठेवलेलं अतीकच्या तोंडून निघून गेलं.

"क्लास में जाके करेगी क्या? पोट्टे हँसेंगे तेरे पे."

बोलल्या बोलल्या त्यालाच ते लागलं. तो उठून गॅलरीत गेला. शमशाद भिंत धरत उठली, कपाटापाशी गेली आणि कॉलेजात नेसायच्या साड्यांमधली निळी इरकली एका हातानं ओढून काढली. साडी पलंगावर टाकून तिनं रफीककडं पाहिलं. सोमवारी सकाळी कुठं जायचं, हे सांगायला यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं.

सकाळी रफीकनं आयुष्यात पहिल्यांदा निऱ्या धरल्या. जाडजूड सीटा शिवणारा त्याचा हात, पण त्या रेशमाला भीत होता. दोनदा सुटल्या, तिसऱ्यांदा बसल्या. अतीक रिक्षा घेऊन आला. त्यानं आईला धरून बसवलं. त्याच्या मनात होतं, तिकडं गेलं की तिचं तिलाच कळेल.

प्राचार्यांच्या खोलीत संस्थेचे सचिव चनबसप्पा अण्णाही बसले होते. मॅडम येताहेत एवढंच अतीकनं फोनवर कळवलं होतं; सही होणार असं समजून सरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. कॉलेजच्या भिंती त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या. पण तर्कशास्त्राला पोरं कमी, एवढ्याशा वर्गासाठी एक अख्खी शिक्षिका, आणि तीही आता अशी, हे गणित त्याला सुटत नव्हतं. अण्णांनी प्रेमानंच विचारलं, मॅडम, आता सुटका करून घ्यायची ना?

"हो," शमशाद म्हणाली.

रफीक पुढं झाला. तिचा हो म्हणजे नाही आहे, तिला सही करायची नाही, असं तो अडखळत सांगू लागला. अण्णांनी महेश्वर सरांकडं पाहिलं. सरांनी छताकडं पाहिलं. बाई हो म्हणते आणि नवरा म्हणतो तो नाही आहे, याला काय करायचं? शेवटी अण्णांचा संयम जरा सुटला.

"रफीकभाई, मलापण वाईट वाटतं. पण ज्याला बोलता येत नाही तो शिकवणार कसा? तुम्हीच सांगा की."

शमशाद उठली. भिंतीवर वेळापत्रकाचा पांढरा फळा होता. तिनं पदरानं त्याची एक बाजू पुसली. कुणाचे तरी शनिवारचे तास त्यात गेले. मार्कर डाव्या मुठीत धरून तिनं एक मोठं वर्तुळ काढलं, आणि त्यात दोन ओठ काढून त्यांच्यावरून आडवी रेघ मारली. मग त्याला छेद देणारं दुसरं. त्यात एक चौकट, आणि चौकटीसमोर छोटी छोटी डोकी, बसलेली. दोन वर्तुळांच्या मधला भाग तिनं काळा करून टाकला, सावकाश, कडेपर्यंत. आणि वळून अण्णांकडं बोट दाखवलं.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

अतीक दारापाशी उभा होता. लहानपणी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून आईनं त्याला खडूनं हेच शिकवलं होतं, पोळ्या होईपर्यंत गप्प बसावा म्हणून. त्याला ते वाचता येत होतं. वाचायचं नव्हतं, पण येत होतं.

"हे तुम्ही म्हणालात ते आहे, अण्णा," तो शेवटी म्हणाला. "ही न बोलणारी माणसं. ही शिकवणारी. मधे काळं केलं, म्हणजे दोन्ही असलेला कोणी नाही."

शमशादनं मान डोलावली. मग तळव्यानं मधला काळा भाग पुसून काढला. तळवा काळा झाला. त्या मोकळ्या झालेल्या जागेत तिनं एक फुली मारली आणि तोच तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

हे वाचून दाखवायला अतीकची गरज लागली नाही.

अण्णांनी फुलीवर बोट टेकवलं. "फुली काय, कुणीबी मारंल," ते म्हणाले. "असा एक तरी दाखवायला नको का?"

याच वाक्याची जणू ती वाट बघत होती. भाग भरून टाकायचा तर सगळ्यांची खात्री लागते, पण फुलीला एक पुरतो, आणि तो एक मात्र असावा लागतो. हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती, आणि अण्णा ते न शिकता बोलून गेले होते. ती खोलीबाहेर पडली आणि जिन्याकडं चालू लागली. कठडा डाव्या बाजूला होता, हे एक बरं झालं. मागोमाग रफीक, अतीक, महेश्वर सर, आणि काय होतंय ते बघावं म्हणून अण्णा.

बारावी कलेच्या वर्गात इतिहासाचे सर तर्कशास्त्राचं गाइड उघडून उत्तरं सांगत होते आणि मुलं लिहून घेत होती. मॅडम दारात दिसल्या तशी सगळी उभी राहिली. तिची वाकडी चाल, तो लोंबता हात बघून वर्ग चिडीचूप झाला. कुणी हसलं नाही. ते अतीकनं पाहिलं.

ती समोरच्या बाकापाशी गेली. तिथं मंद्रूपहून येणारी पिंकी बसली होती. शमशादनं तिच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि एका उदाहरणावर बोट ठेवून तिच्या तोंडाकडं बोट दाखवलं. पिंकीनं वाचलं. सर्व विणकर कष्टाळू असतात. काही कष्टाळू माणसं आजारी पडतात. म्हणून काही विणकर आजारी पडतात. बरोबर की चूक, सांगा.

शमशादनं खडू घेतला. तीन वर्तुळं. पहिल्यात मागाचा धोटा काढला, दुसऱ्यात घामाचे थेंब, तिसऱ्यात खाट. मुलं खुसपुसली, आणि ते हसणं नव्हतं. विणकरांच्या वर्तुळातला घामाबाहेरचा सगळा भाग तिनं खडूनं भरून टाकला. आता फुली. तिनं जराही न थांबता ती बरोबर तिन्ही वर्तुळांच्या मधोमध मारली, विणकरांच्या आत. आणि खडू खाली ठेवून वर्गाकडं बघत उभी राहिली.

महेश्वर सरांनी हळूच अण्णांकडं पाहिलं. तर्कशास्त्र त्यांनाही थोडंफार येत होतं, ती फुली तिथं नको हे त्यांना कळत होतं. अतीकलाही कळलं. आईला धरायला तो एक पाऊल पुढं झाला.

मागच्या बाकावरचा अंबादास म्हणाला, "बरोबर हाय मॅडम. आमच्या नानांचा खोकला बगा की. मागावर जन्म गेला त्यांचा."

वर्गानं माना हलवल्या. पाच्छा पेठेतली, भवानी पेठेतली पोरं ती, कुणाच्या घरी खोकला नव्हता? शमशाद नुसती एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे असे काही रोखलेले होते की ज्याच्याकडं बघे तो पुन्हा फळ्याकडं बघे.

"पण मॅडम," पिंकी उभी राहिली, "फुली हितं कशी काय आली? आजारी पडत्यात ते विणकरच हायत आसं कुटं सांगितलंय? दुसरे कुनीबी आसतील की."

"आगं, नाना खरंच आजारी हायत," अंबादास म्हणाला.

"ते खरं हाय रं. खरं हाय, पण हितनं निगत न्हाय."

वर्गात एकदम गलका झाला. चार जण चार बाजूंनी बोलू लागले. मुद्दाम चुकीची मारलेली फुली शमशादनं बोटानं पुसली आणि खडू पिंकीपुढं धरला. पिंकीनं येऊन फुली विणकरांच्या वर्तुळाच्या रेघेवर मारली, अर्धी आत, अर्धी बाहेर. माहीत नाही, कुठं ते. अंबादास अजून मानत नव्हता. शमशादनं पिंकीकडून खडू घेतला आणि त्याला पुढं बोलावलं. तो आला, फळ्यापुढं डोकं खाजवत उभा राहिला, आणि तिनं त्याला तसाच उभा राहू दिला. घाई तिला कधीच नव्हती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हंजे नानांचं येगळं सांगाय लागतंय. ह्यात ते आलंच न्हाय."

शमशादनं त्याच्या पाठीवर थाप मारली. तिच्या तळव्याचा काळा छाप त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उठला.

दारातून बघणाऱ्या अण्णांना तिनं मागचा रिकामा बाक दाखवला, बसा म्हणून. अण्णा बसले नाहीत. "बघू," म्हणाले आणि निघून गेले. रफीक मात्र आत येऊन त्या बाकावर बसला. इतक्या वर्षांत त्यानं तिला शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते, तरी तो तास संपेपर्यंत हलला नाही.

यातून कॉलेजचं मन पालटलं, असं म्हणता येणार नाही. अर्ज दोनदा घरी आला आणि दोनदा सहीविना परत गेला. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, असा कायदा आहे, हे उत्कर्षानं शोधून काढलं आणि रफीकनं वकिलाकडून तसं कळवलं. मग संस्थेनं असं ठरवलं की चालू वर्ष मॅडमनी पुरं करावं, चिन्हांचा भाग इतिहासाच्या सरांनी घ्यावा, आणि जूनपासून मॅडमना वाचनालयात बसवावं. अकरावीला तर्कशास्त्राचे प्रवेश बंद करण्यात आले. विषयच संपला. शिकवायला माणूस नाही, असं कारण दिलं गेलं.

ते कारण महेश्वर सरांनी तिला वाचून दाखवलं, तेव्हा शमशादनं त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून दोन वर्तुळं काढली, मधे फुली मारली आणि त्यांच्यापुढं सरकवली. सरांनी ती पाहिली. त्यांना अर्थ कळला. "मॅडम, ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले, आणि तेही खरं होतं.

अतीक पुण्याला परत गेला. आईनं यावं, हे त्याचं मत बदललं नाही. पण जाण्याआधी त्यानं पुण्यातल्यासारखीच एक दांडी इथल्या बाथरूममध्ये स्वतः बसवून दिली.

ती रोज गेली. थंडीत गेली, उन्हं चढू लागली तेव्हाही गेली. रफीक स्कूटरवरून सोडी, ती कठडा धरून जिना चढे. बोलणं फारसं सुधारलं नाही. शिपाई विचारी, मॅडम बरं वाटतंय का, आणि ती तोंड भरून काहीतरी उलटंच बोले, आणि त्याला ते समजे.

बोर्डाच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मुलांनी तिला एक शाल दिली, फोटो काढले. पिंकी रडली. घंटा झाली, मुलं गेली. फळा कडेपर्यंत वर्तुळांनी भरलेला होता, त्यातली निम्मी मुलांनी काढलेली. शिपाई डस्टर घ्यायला पुढं आला, तिनं दिला नाही. ती स्वतः पुसू लागली, वरच्या कोपऱ्यापासून, डाव्या पायावर भार देऊन, एकही कोपरा न सोडता. वेळ लागला. खडूची भुकटी उडाली आणि खाली लोंबणाऱ्या तिच्या उजव्या हातावर बसली, बोटांवर, नखांवर, मनगटापर्यंत. त्या हाताला ती कळली नाही. शमशादला मात्र दिसली. तिनं त्या भुकटीकडं क्षणभर पाहिलं. झटकली नाही. डस्टर जागेवर ठेवला, पदर सावरला, आणि पांढरा झालेला हात तसाच घेऊन ती जिन्याकडं निघाली.